झाडांचा शेजार



गोदाकाठच्या या पटांगणात वैशाखातल्या संध्याकाळी बोलावयास उभे राहणे हा मोठा मान आहे, आणि थोडेसे संकटही आहे. या मालेत मोठमोठे वक्ते येऊन जातात. कोणी राष्ट्राच्या अर्थकारणावर बोलतात, कोणी संतवाङ्मयावर. त्यांच्या मधल्या एका दिवशी हा गृहस्थ अळीवर बोलणार! मघाशी प्रवेशद्वारापाशी एका श्रोत्यांनी मला थांबवून विचारले, ‘‘फलकावर ‘झाडांचा शेजार’ असे लिहिले आहे, ते वास्तुशास्त्राचे काही आहे काय?’’ मी म्हटले, ‘‘वास्तुशास्त्राचे नाही, पण घर घेताना तुम्ही शेजार पाहता ना, तेवढेच झाडाच्या बाबतीत पाहावयाचे आहे.’’ गृहस्थ आत येऊन बसले आहेत, तेव्हा त्यांची निराशा होऊ नये एवढी काळजी मला घेतली पाहिजे.

झाडाचा शेजार पाहून पेरणी करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. रब्बीच्या ज्वारीच्या कडेने करडईची ओळ आपण सर्वांनी पाहिली असेल. ती केवळ तेलासाठी नव्हे. करडई वाढली की तिला काटे येतात, आणि दुसऱ्याचा बैल त्या काट्यांत तोंड घालीत नाही. पेठ-सुरगाण्याकडे डोंगरउतारावर नागलीच्या कडेला खुरासणी दिसते, कारण खुरासणीला गुरे तोंड लावीत नाहीत. म्हणजे शेतकऱ्याने जी पहिली कीड शेजारच्या पिकाने अडविली ती चार पायांची होती, गळ्यात घंटा बांधलेली होती, आणि बहुधा भावकीतली होती. बाजरीत तुरीचे तास, हरभऱ्यात मोहरी किंवा जवस, कपाशीत चवळी-मूग, ही सारी त्याच घराण्यातली रीत. आमच्या कृषिपंडितांच्या एका पिढीने तिला अडाणीपणा म्हटले. परंतु सर आल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या संशोधनसंस्थेत होता. तो मात्र येथल्या शेतकऱ्याला आणि किडीला, दोघांनाही आपले गुरू समजत असे. हा मनुष्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून हिंदुस्थानात आला आणि शेतकऱ्याचा विद्यार्थी होऊन परत गेला.

मी स्वतः मात्र या शाळेत फार उशिरा दाखल झालो, आणि तेही आपखुशीने नव्हे. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

माझे आजोळ निफाड तालुक्यातले. मामांची सहा एकर बागायत. कांदा, थोडी द्राक्षे आणि पावसाळ्यात टोमॅटो. 2006 सालच्या भाद्रपदात मी दोन दिवसांसाठी गेलो होतो. टोमॅटोला फळ पोखरणारी अळी लागली होती, आणि मामांचा सालगडी पाठीवर पंप घेऊन सकाळपासून औषध मारीत होता. ‘औषध’ हा आपल्या भाषेने या विषाला दिलेला मोठा मानाचा किताब आहे! उघडे अंग, तोंडाला फडके नाही, ऊन मी म्हणत होते आणि वारा त्याच्याच अंगावर येत होता. अकराच्या सुमारास तो बांधावर येऊन बसला. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाला, आणि बसल्या जागी कलंडला. तोंडाला फेस, अंगाला घामाची धार. पिंपळगावपर्यंत नेईतो तो जातो की राहतो अशी स्थिती होती. डॉक्टरांनी ॲट्रोपीनची इंजेक्शने दिली. आठ दिवसांनी तो घरी आला. तो वाचला, परंतु त्या पावसाळ्यात त्याचा हात थरथरावयाचा तो थांबला नाही.

त्या रात्री मामी मला म्हणाल्या, ‘‘अरे, तू एवढी वर्षे पोरांना झाडांची नावे शिकवतोस. यातून एखादे झाड आमच्या उपयोगी पडेल असे सांग की!’’

बोलणे साधे होते. पण मला झोप आली नाही. पुढे 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मृत्यू पावले, शेकडो रुग्णालयात पडले. ती बातमी वाचताना मला मामांचा बांध दिसत होता. आपण शहरातली माणसे टोमॅटो धुऊन घेतो आणि निश्चिंत होतो. फळावरचा अंश धुऊन जात असेलही. फवारणाऱ्याच्या फुप्फुसात गेलेला अंश धुता येत नाही.

असो. मामींच्या प्रश्नाला मी जे उत्तर शोधले ते बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने आधीच तयार करून ठेवलेले होते. ते असे, की टोमॅटोच्या शेतात झेंडू लावावा. आपल्या दसऱ्याचा झेंडू. उंच वाढणारा, पिवळा-नारिंगी, मोठ्या फुलाचा. इंग्रजीत त्याला ‘आफ्रिकन’ म्हणतात, आणि आपण तर त्याला इतका आपला मानला आहे की त्याच्यावाचून आपल्या दाराला तोरण लागत नाही. वस्तुतः तो आफ्रिकेचाही नाही आणि आपलाही नाही. त्याचे माहेर मेक्सिको. टोमॅटोही त्याच बाजूचा. तेव्हा निफाड तालुक्यात आपण या दोघांना शेजारी लावतो ते एका अर्थी दोन जुन्या गाववाल्यांची भेट घडवून आणण्यासारखेच आहे.

आता हा झेंडू करतो काय? येथे पुष्कळांचा गैरसमज आहे. झेंडूच्या उग्र वासाने कीड पळून जाते, असे आपण ऐकलेले असते. टोमॅटोच्या अळीच्या बाबतीत प्रकार नेमका उलटा आहे. ती अळी म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळी, कपाशीवरची हिरवी बोंडअळी आणि टोमॅटोतली फळ पोखरणारी अळी. तिन्ही एकच, गाव बदलले की आडनाव बदलणारी. तिची मादी पतंग रात्री अंडी घालावयास जागा शोधीत फिरते, आणि तिला टोमॅटोपेक्षा झेंडूची कळी अधिक पसंत पडते. म्हणजे झेंडू तिला हाकलीत नाही. तो तिला बोलावून घेतो. शेजारणीने आपल्या घरी येणारा नको असलेला पाहुणा स्वतःच्या घरी ठेवून घ्यावा, तसे हे आहे. म्हणून अशा पिकाला ‘सापळा पीक’ म्हणतात. टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ, असे त्याचे प्रमाण आहे.

मी हे मामांना पत्राने कळविले, आणि 2007 साली त्यांनी मोठ्या विश्वासाने अर्धा एकरात ते केले. फसले. साफ फसले! टोमॅटोला फुले आली, फळे धरली, त्यांत अळ्या शिरल्या, आणि झेंडू आपला हिरवागार उभा. कळीचा पत्ता नाही. मामा काही बोलले नाहीत. ते मला नेहमीप्रमाणे भाकरी खावयास बसवून शेतात फवारावयास गेले, आणि ती भाकरी मला कशी गेली ते माझे मला माहीत.

चूक माझी होती. मी कागद अर्धवट वाचला होता. टोमॅटोचे रोप 25 दिवसांचे असताना लावावयाचे, तर त्याच दिवशी लावावयाचा झेंडू 40 ते 45 दिवसांचा असला पाहिजे. तरच दोघांना एका वेळी फूल येते. मी दोन्ही रोपे एकाच दिवशी वाफ्यात टाकावयास सांगितली होती. पतंगाला झेंडूची कळी हवी असते, झेंडूची पाने नव्हेत. वेळ चुकली की सापळा हा सापळा राहत नाही, नुसती शोभा राहते. चौतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला झाड कधी फुलते हे विचारावयाचे सुचू नये, याला काय म्हणावे?

2008 साली पंधरा-वीस दिवसांचे अंतर ठेवले. त्या वर्षी झेंडूच्या कळ्यांवर अंडी दिसली, बारीक अळ्या दिसल्या. मामी आणि त्यांची सून रोज सकाळी फक्त झेंडूच्या ओळींतून हिंडत, अळ्या वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकीत. दोनदा संध्याकाळी विषाणूचा अर्क फवारला. हा विषाणू त्या अळीलाच मारतो, माणसाला काही करीत नाही, मात्र उन्हाने तो निकामी होतो म्हणून संध्याकाळ पाहावी लागते. विषारी औषध अजिबात मारले नाही असे मी म्हणणार नाही. पूर्वी आठवड्याला फवारणी होत असे, तेथे सबंध हंगामात दोनदा झाली, एवढेच खरे आहे. आणि दसऱ्याला झेंडूची फुले विकली गेली, हे मामींच्या हिशोबात शास्त्रापेक्षा मोठे ठरले.

येथे दोन कुंपणे घालून ठेवतो, नाही तर उद्या कोणी माझ्या नावाने बोटे मोडील. पहिले असे, की सापळा लावून घरी बसता येत नाही. कोबीत हेच मोहरीने साधतात. कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक कोबीच्या आधी 15 दिवस पेरलेली आणि दुसरी लावणीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे एक जून झाली की दुसरी कोवळी तयार. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीवर जातो. पण मोहरीवरची अळी मारली नाही तर त्या दोन ओळी सापळा न होता पाळणाघर होतात, आणि तेथे वाढलेली पलटण कोबीवर चाल करून येते. हा पतंग सामान्य नव्हे, बरे! जगात डीडीटीला दाद न देणाऱ्या पिकांवरच्या किडींत याचे नाव अगदी आघाडीवर. जावा बेटात 1953 सालीच त्याने ते करून दाखविले. तेव्हा डीडीटी सर्रास वापरात येऊन पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. विषाला विष वाढवीत जाण्याचा मार्ग कोठे जातो हे या चिमुकल्या प्राण्याने इतक्या लवकर सांगितले होते. ऐकणारे आपण उशिरा निघालो.

दुसरे कुंपण असे, की झेंडू सर्व रोगांवरची मात्रा नव्हे. 2014 साली महाराष्ट्रात टोमॅटोवर एक नवी पाने पोखरणारी अळी दक्षिण अमेरिकेकडून येऊन दाखल झाली. तिला झेंडूचे कौतुक नाही. शिवाय कडक उन्हाळ्यात झेंडूवर लाल कोळी फार होतो. चैत्र-वैशाखात गच्चीवर पाण्याविना तापलेला झेंडू ठेवलात तर तो शेजाऱ्यालाही कोळी वाटील. पाहुणा ठेवून घेणारी शेजारीण कधी कधी स्वतःचे पाहुणे आपल्याकडे पाठविते, हे लक्षात असू द्या.

मग वासाचे काय? कांदा-लसणाच्या वासाने, पुदिन्याच्या वासाने, तुळशीच्या वासाने कीड दूर राहते, या समजुतीत काही तथ्य नाही काय? याबाबत इंग्लंडमध्ये वेल्सबर्न येथे फिंच आणि कॉलियर या दोन शास्त्रज्ञांनी केलेले काम मला फार आवडते. त्यांनी कोबीवर्गातल्या झाडांभोवती नाना प्रकारच्या वनस्पती लावून पाहिल्या, वासाच्या आणि बिनवासाच्याही. कोबीवर येणाऱ्या माशीने सोबतीच्या झाडांमुळे अंडी कमी घातली हे खरे. पण वासाच्या झाडांचे काम बिनवासाच्या झाडांपेक्षा सरस ठरले नाही. पुढे तर त्यांनी झाडांच्या जागी हिरवा कागद ठेवला. त्यानेही तेच काम केले!

याचा उलगडा त्यांनी केला तो असा. माशी कोबीच्या वासाने शेतापर्यंत येते, पण खाली उतरताना ती फक्त हिरवा रंग पाहून उतरते. उघड्या मातीत कोबीच कोबी असला की ती उतरेल तेथे कोबीच. मग ती पायांनी पान चाखते, थोडी उडते, पुन्हा उतरते. असे काही वेळा लागोपाठ कोबीच लागला म्हणजे तिची खात्री पटते आणि ती अंडी घालते. मध्ये दुसरे हिरवे पान लागले की हिशोब मोडतो आणि तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. चार-दोनदा असे झाले की ती कंटाळून निघून जाते. आपल्या पंचवटीत एखादा परगावचा पाहुणा पत्ता शोधीत आला आणि दर दोन घरांनंतर भलतेच घर लागू लागले तर त्याचे जे होईल, तेच. तात्पर्य, आपल्या आजीच्या परसात जी गर्दी असे, अळूत मिरची, मिरचीत कोथिंबीर, मधूनच गवती चहा, ती नुसती अव्यवस्था नव्हती. उघडी स्वच्छ माती आणि एकाच भाजीचा सरळ वाफा किडीला फार सोयीचा पडतो. परसातले सगळे तण काढून टाकणारी माणसे माझ्या माहितीत पुष्कळ आहेत. त्यांना आता थोडे आळशी व्हावयास हरकत नाही.

वासाचा गुण कोठेच नाही असे मात्र नव्हे. केनियात मक्याच्या खोडकिड्याविरुद्ध मूळच्या भारतीय असलेल्या झियाउर खान यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत बसविली तीत मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वेल लावतात, तिच्या वासाने पतंग बाहेर ढकलला जातो. आणि शेताच्या कडेला नेपियर गवत, म्हणजे आपल्या हत्तीगवताची जात, लावतात, ते त्याला ओढून घेते. आत ढकलणारा आणि बाहेर ओढणारा, असे दोन्ही शेजार. सांगावयाचे इतकेच, की कोणत्या झाडाचा कोणत्या किडीवर कोणत्या मार्गाने परिणाम होतो हे एकेक करून पाहावे लागते. ‘उग्र वास म्हणजे गुणकारी’ हा सरसकट नियम टिकत नाही.

तसाच एक सुंदर गैरसमज आपल्या जिल्ह्यात आता रुजला आहे. वाइनसाठी लावलेल्या काही द्राक्षबागांत ओळींच्या टोकाला गुलाब असतात. पाहुण्यांना सांगितले जाते की हे फ्रान्सकडचे शहाणपण आहे. गुलाबावर भुरी आधी दिसते आणि माळ्याला इशारा मिळतो. ऐकावयास फार गोड आहे. पण गुलाबाची भुरी आणि द्राक्षाची भुरी या दोन वेगळ्या बुरशा आहेत. एकीला दुसरीच्या घरात मज्जाव. हवा दोघींना मानवते ती जवळपास सारखी, म्हणून ढोबळ सूचना मिळेलही; परंतु गुलाब स्वच्छ आहे म्हणून द्राक्षाकडे पाठ फिरविली तर बाग जाईल. मोगलाईत ज्या गावाला गुलशनाबाद म्हणत त्या गावाने गुलाब जरूर लावावेत, फुलांसाठी लावावेत.

द्राक्षावरून आठवण झाली. 2010 साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट नावाच्या वाढरोधकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक सापडून युरोपात माल अडला, तेव्हा या जिल्ह्यातल्या कित्येक घरांनी ते वर्ष कसे काढले हे येथे बसलेल्यांपैकी काहींना सांगावयास नको. ते कीटकनाशक नव्हते. पण बाहेरचा ग्राहक आपल्या पानावर काय पडले हे मोजून पाहतो, ही गोष्ट त्या वर्षी बांधाबांधावर पोहोचली. इथला ग्राहक, म्हणजे आपण, तेवढे मोजून पाहत नाही.

जमिनीखालीही एक शेजार असतो, आणि तेथे झेंडूचे दुसरे रूप दिसते. टोमॅटोचे किंवा डाळिंबाचे झाड खुरटले, पाणी देऊनही माना टाकू लागले, तर उपटून मुळे पाहावी. त्यांवर गाठी असल्या तर तो सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारा, धाग्यासारखा. झेंडूच्या मुळांत एक द्रव्य असते ते या सूत्रकृमींना मारक ठरते. येथे मात्र सोळा ओळींमागे एक ओळ, असे चालत नाही. सबंध वाफ्यात दाट झेंडू दोन-तीन महिने वाढवावा आणि मग तो त्याच मातीत गाडून पुढचे पीक घ्यावे. कडेला चार रोपे लावल्याने खालच्या लढाईवर परिणाम होत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे; त्यात झाडे लावण्यापूर्वी जमिनीत तीळ पेरून ते फुलावर आले की तेथेच तुडवावेत असे सांगितले आहे. त्याला सूत्रकृमी ठाऊक होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आपल्याकडे तसे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण येणाऱ्या झाडासाठी आधी दुसरे झाड पाठवून जागा तयार करावी, ही बुद्धी जुनी आहे एवढे खरे.

कांद्याचे सांगितल्यावाचून नाशिकमधून कोणी जाऊ देणार नाही. कांद्यावर फुलकिडे येतात. पात पांढरी पडते. हे फुलकिडे उडण्यात फार कच्चे, वाऱ्यावर स्वार होऊन येणारे. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने यावर साधी तोड सांगितली आहे: लावणीच्या महिनाभर आधी शेताच्या चारी कडांना बाहेरून मका आणि आतून गहू पेरावा. ही हिरवी भिंत वाऱ्याबरोबर येणारे फुलकिडे पुष्कळसे अडविते. आत आधीच असलेले अडवीत नाही, हे उघड आहे. मक्याच्या भिंतीचा आणखीही एक उपयोग आहे. मावा जेव्हा रोगट झाडावरून काही विषाणू घेऊन निघतो, तेव्हा ते त्याच्या सोंडेच्या टोकाशीच असतात. वाटेत मका लागला आणि तेथे त्याने दोन-चारदा सोंड टोचून पाहिली की टोक पुसले जाते. 2020 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात टोमॅटोवर रंगीबेरंगी चट्टे पडून बागा वाया गेल्या. त्यात माव्याने पसरणारा असाच एक विषाणू होता.

आता ज्यांचे शेत नाही, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे, त्यांच्याकडे वळतो. आमच्या गल्लीत एका भगिनींनी गच्चीवर वालपापडीचा वेल चढविला होता. माघात त्यावर काळा मावा आला. त्यांनी मला बोलावून दाखविले, ‘‘हे काळे आहेच, शिवाय या बघा, सुसरीसारख्या घाणेरड्या अळ्या झाल्या आहेत. पन्नासेक तरी चिरडल्या मी.’’ मी कपाळाला हात लावला. त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या! लाल पाठीवर काळे ठिपके असलेला, मुले हातावर चालवितात तो गोजिरवाणा ढालकिडा आपल्याला ठाऊक असतो. पण त्याचे बालपण कुरूप असते आणि त्या बालपणातच तो माव्याचा फडशा पाडतो. ज्याने वेल वाचवावयाचा त्यालाच आपण मारले होते.

शेतकरी कपाशीत चवळीची ओळ धरतो ती याचसाठी. चवळीवर काळा मावा लवकर येतो, त्यावर ढालकिडे जमतात, वाढतात, आणि तेथून कपाशीवर जातात. चवळीवरचा मावा पाहून लगेच फवारणी केली की ही सगळी फौज जेवणावर बसण्याआधीच मरते. तेव्हा गच्चीवर एका कुंडीत चवळी लावावी आणि तिच्यावर मावा आला तर पंधरा दिवस तिकडे पाहू नये. हे फार अवघड आहे. मला स्वतःला जमावयास दोन वर्षे लागली. हात शिवशिवतो. फारच झाले तर चुलीची राख किंवा पाण्याचा जोराचा फवारा पुरे.

कोथिंबिरीचेही असेच. वांग्याच्या कुंडीशेजारी कोथिंबीर असावी, पण ती सगळी आमटीत जाता उपयोगी नाही. काही काड्या फुलावर येऊ द्याव्यात. धन्याची ती बारीक पांढरी फुले म्हणजे परोपजीवी माश्यांची खाणावळ. या माश्या अळीच्या अंगात अंडी घालतात. मात्र त्यांना स्वतःला जगण्यास मध लागतो आणि त्यांचे तोंड इतके लहान की मोठ्या फुलात ते पोचत नाही. हे मी घरी सांगितले तेव्हा आमच्या मंडळींनी विचारले, ‘‘म्हणजे कोथिंबीर विकत आणावयाची आणि घरची माश्यांना ठेवावयाची?’’ तडजोड अशी झाली आहे की दोन कुंड्या स्वयंपाकघराच्या आणि एक माश्यांची. मात्र एवढे करून वांग्यातली अळी जाईल असे वचन मी कोणाला देत नाही. किडके शेंडे खुडून टाकावेत. गरज पडली तर पाच टक्के निंबोळी अर्क मारावा, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीचा गर, कुंड्यांसाठी लिटरला पन्नास ग्रॅम. कडुनिंबाची थोरवी आपल्याला आजीने धान्याच्या कणगीत पाला घालून शिकविली. जर्मन शास्त्रज्ञ श्मुटरर यांनी 1959 साली सुदानात टोळधाडीने सगळे खाऊन कडुनिंब तेवढा सोडलेला पाहिला, आणि 1962 साली दिल्लीत प्रधान यांनी निंबोळीच्या पाण्याने टोळ पिकापासून दूर ठेवून दाखविले, तेव्हा कोठे ती पुस्तकात गेली.

मामी चार वर्षांपूर्वी वारल्या. सालगडी आता थकला आहे, पण दिवाळीला भेटतो. मामांच्या नातवाने टोमॅटो कमी करून द्राक्षे वाढविली. तरी पाऊण एकर टोमॅटो तो अजून झेंडूच्या ओळी सोडूनच लावतो. गेल्या वर्षी मी विचारले, फवारण्या किती केल्यास? तो म्हणाला, ‘‘तीन. आजी असती तर दोनच झाल्या असत्या. मला रोज सकाळी कळ्या पाहावयास वेळ होत नाही.’’

घड्याळाकडे माझे लक्ष आहे, तेव्हा कामाचे सांगून थांबतो. आषाढाच्या सुरुवातीला, पहिला पाऊस मुरल्यावर, ज्यांना टोमॅटोची रोपे लावावयाची आहेत त्यांनी टोमॅटोचे बी जूनच्या दहा तारखेच्या सुमारास टाकावे; आणि झेंडूचे बी त्याआधी पंधरा-वीस दिवस, म्हणजे याच आठवड्यात. माझी 2007 ची चूक आपण पुन्हा करण्याचे कारण नाही. दसऱ्यानंतर मी काही फुले झाडावरच वाळू दिली होती. त्यांचे बी कागदाच्या पुड्यांत बांधून आणले आहे. व्यासपीठाच्या डाव्या हाताला, पाण्याच्या पिंपाशेजारी, टोपलीत ठेवले आहे. एका घराला एक पुडी पुरे.